खुडूक कोंबडी आणि वनराजांची गॅसची टाकी

एका जंगलात दिवसा उजेड असायचा आणि रात्री अंधार. हसू नका, मुलांनो. ही साधी गोष्ट त्या जंगलात किड्यामुंगीला कळत होती, फक्त राजाला कळत नव्हती. राजा म्हणजे सिंह. त्याला सगळे वनराज म्हणत, कारण दुसरं काही म्हटलेलं त्याला खपत नसे.

त्या जंगलात बांबूच्या बेटापाशी कोंबड्यांची मोठी वस्ती होती. कोंबड्या दाणे टिपायच्या, किडे टिपायच्या, अंडी घालायच्या आणि शिटायच्या. यातलं शेवटचं काम त्या सगळ्यात जास्त करायच्या. नाकं कसली दाबताय? तुम्हीही काही कमी नाही.

त्या शिटेचं काय व्हायचं? विशेष काही नाही. ती जमिनीत जिरायची. गांडुळं ती ओढून न्यायची आणि तिथे बांबू फोफावायचा. बांबूखाली किडे व्हायचे आणि ते पुन्हा कोंबड्यांच्या पोटात जायचे. हे सगळं इतकं बिनबोभाट चालायचं की त्याचं कुणी कधी उद्घाटनच केलं नव्हतं. वनराज त्या वाटेने जाताना नाक मुरडायचे आणि शेपटी वर उचलून धरायचे.

मग थंडी पडली आणि करकोचा आला.

करकोचा दर थंडीला परदेशातून यायचा आणि ऊन तापलं की परत जायचा. लांब पाय, लांब चोच आणि मान अशी ताठ, की आपलंच काहीतरी चुकलं असं समोरच्याला वाटावं. बाकीचे पाहुणे पक्षी तळ्यावर उतरत. हा थेट दरबारात उतरायचा.

"महाराज, आमच्याकडे..." तो सुरू करायचा. त्याचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं.

त्या वर्षी तो म्हणाला, "महाराज, आमच्याकडे कोंबड्यांच्या शिटेवर दिवे लागतात."

"कशावर?" वनराजांनी आयाळ झटकली.

"शिटेवर. ती टाकीत भरायची, पाणी ओतायचं, झाकण लावायचं. आत गॅस तयार होतो. तुम्ही जिला घाण म्हणता ती ऊर्जा आहे, महाराज! तुमच्या बांबूच्या बेटात ऊर्जेचा सडा पडलाय आणि तो गांडुळं खातायत!"

वनराजांना गांडुळांचा भयंकर संताप आला. शिवाय पलीकडच्या जंगलातल्या वाघाने नुकतीच पवनचक्की बसवली होती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला तो पंखाला धरून ती दाखवायचा. ते वनराजांना केव्हाचं सलत होतं.

"बांधा टाकी," वनराज म्हणाले.

टाकी बांधली. जागा हवी म्हणून बांबूचं अर्धं बेट तोडलं. जंगल हिरवं करायचं तर थोडी तोडातोड होणारच, असं करकोचा म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता खरं तेच सांगतो. टाकी चालली. उगाच कुणाच्या नावाने बोटं मोडायची मला हौस नाही. कोंबड्या आपखुशीने जेवढं देत होत्या तेवढं टाकीत जात होतं. तेवढ्या गॅसवर अस्वल वैद्याच्या झोपडीतली चूल मस्त पेटायची. काढे उकळायचे. म्हातारी माकडं गुडघे शेकत बसायची. टाकीतून बाहेर पडणारा काळा काला गांडुळांना मिळायचा, त्यामुळे तीही खूश होती. गोष्ट इथेच थांबली असती तर मी तुम्हाला एकेक लाडू देऊन घरी पाठवलं असतं.

पण काढ्याची चूल वाघाला काय दाखवणार?

वनराजांनी चूल बंद केली आणि गॅस आपल्या गुहेत घेतला. गुहेत दिवा लागला. मग गुहेच्या दारात दोन लागले. मग वनराज ज्या दगडावर बसून जांभई देतात त्या दगडावर एक लागला. मग गॅस पुरेनासा झाला.

करकोच्याने कोंबड्यांच्या वस्तीत एक चक्कर मारली आणि तो धावत परत आला. "महाराज, घात झाला! कोंबड्या झोपतात!"

"झोपतात?"

"अंधार पडला की झोपतात. झोपलेली कोंबडी खात नाही. खात नाही ती शिटणार किती? अर्धी ऊर्जा झोपेतच वाया जाते. आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. म्हणून तर आम्ही एवढे पुढे गेलो."

"मग इथेही मावळायचा नाही," वनराज म्हणाले.

सूर्याने ऐकलं नाही. म्हणून गुहेतले, दारातले आणि दगडावरचे असे सगळे दिवे काढले आणि कोंबड्यांसाठी एक भलंमोठं खुराडं बांधून त्यात टांगले. आता खुराड्यात कायमचा उजेड झाला. उजेड म्हणून कोंबड्या जाग्या राहायच्या. जाग्या म्हणून खायच्या. खायच्या म्हणून शिटायच्या. त्यातून गॅस व्हायचा आणि तो गॅस सगळाच्या सगळा कोंबड्यांना जागं ठेवायला लागायचा. गुहेत पुन्हा अंधार झाला. पण आता तो स्वयंपूर्ण जंगलातला अंधार होता, त्यामुळे वनराजांची छाती फुगली होती.

पुढे बसलेल्या मुलीने बोट वर केलंय. कळलं मला तू काय विचारणार ते. खाली घे बोट. दरबारातही एका सशाने असंच बोट वर केलं होतं. त्याला गवताच्या खात्यातून काढून टाकला.

आता तुरेरावांची ओळख करून देतो. तुरेराव म्हणजे वस्तीतला कोंबडा. पहाटे आरवणं हे त्याचं पिढीजात काम. पण खुराड्यात पहाटच होईना, तेव्हा तो बसला बेकार. वनराजांनी त्याला ऊर्जाप्रमुख केलं आणि गळ्यात लाल पट्टा घातला. झालं! तुरेरावांचे पाय जमिनीला लागेनात. दिवसभर खुराड्यातून फिरायचा आणि ओरडायचा, "खा गं बायांनो, खा! जंगलासाठी खा! जंगलासाठी शिटा!"

आणि नेमकी त्याच्याच बायकोला खुडूक लागली.

खुडूक म्हणजे काय ते तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? तुमची अंडी पुड्यातून येतात, तुम्हाला काय ठाऊक असणार! कोंबडीला पिल्लं हवीशी वाटली, की ती अंड्यांवर ठाण मांडून बसते. हलत नाही. अंग गरम होतं. जवळ जाल तर पिसं फुलवून चोच मारते. खाणं जवळजवळ सोडते. दिवसातून एकदा कशीबशी उठते, दोन दाणे टिपते, शिटते आणि पळत परत येऊन बसते.

तुरेरावांच्या बायकोचं नाव ठिपकी. करड्या अंगावर पांढरे ठिपके. खुराड्याच्या एका कोपऱ्यात दिव्याचा उजेड जरा कमी पोचायचा. तिथे तिने बांबूची सुकी पानं गोळा केली, अंडी मांडली आणि ती खुडूक बसली. सगळ्या वस्तीत पिल्लं व्हायची इच्छा उरलेली ती एकटीच. बाकीच्यांना त्या उजेडात कधी दिवस उगवला आणि कधी मावळला तेच कळत नव्हतं, तर पिल्लांचं कुठून सुचणार?

तुरेराव आला आणि त्याचा तुराच पांढरा पडला. "अगं ठिपके, हे काय मांडलंयस? ऊठ!"

"अहो, हळू बोला. अंडी आहेत."

"दिसतायत मला! अख्खं जंगल आपल्याकडे डोळे लावून बसलंय आणि ऊर्जाप्रमुखाची बायको खुडूक बसते? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील तुरेरावांना पिल्लं झाली. तुमचीच आहेत ही."

"मी आधी ऊर्जाप्रमुख आहे," तुरेराव म्हणाला. "मग बाकीचं."

मग जे सगळीकडे करतात तेच त्याने केलं. तिला उचलून तळ्यात बुचकळली. खुडूक उतरवायची ही जुनी रीत आहे. ठिपकी निथळत परत आली आणि अंग सुकल्यावर पुन्हा बसली. मग तिच्याच पंखातलं एक पीस उपटून तिच्या नाकपुड्यांतून आरपार घातलं. ही दुसरी रीत. ठिपकी नाकात पीस घेऊन बसली. मग एक दिवा काढून बरोबर तिच्या डोक्यावर टांगला. तिने मान पंखाखाली घातली. त्या बाईला काही म्हणजे काही करून पिल्लं हवी होती.

शेवटी तिला दरबारात आणलं. ती पंखांखाली अंडी घेऊनच आली, पानांसकट, पाटीत बसून.

करकोचा पाटीभोवती फिरला. "महाराज, अंडं म्हणजे काय? नीट विचार करा. कोंबडीने दाणा खाल्ला. त्याची शीट व्हायला हवी होती. ती झाली नाही, त्याचं अंडं झालं. म्हणजे अंडं ही गळती आहे. ऊर्जेची चोरी आहे, महाराज. ही अंडी टाकीत टाकली पाहिजेत."

दरबारात टाळ्या वाजल्या. कोंबडी आधी की अंडं आधी, हा वाद त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. तो एका दिवसात मिटला. आधी शीट.

 ठिपकी उठली नाही. "महाराज," ती म्हणाली, "या कोंबड्या म्हाताऱ्या होणार, मरणार. मग तुमच्या टाकीसाठी शिटणार कोण?"

वनराज करकोच्याकडे बघायला लागले. करकोच्याने एक पाय उचलला. त्याला सुचत नसलं की तो एक पाय उचलायचा.

"तेच मी सांगणार होतो," तो म्हणाला. "आमच्याकडे पेटीत पिल्लं काढतात. लाकडी पेटी, खाली गॅसची शेगडी. पिल्लं पेटी काढील. बाईंनी बसायची गरज नाही. बाईंनी फक्त खावं."

"पण मी फुकट उबवते की!" ठिपकी ओरडली. "मला शेगडी लागत नाही!"

"म्हणूनच," करकोचा म्हणाला, "त्याला शास्त्रीय म्हणता येत नाही."

तिच्या अंगाखालून अंडी काढून घेतली. ती पिसारून धावली, तिने चोची मारल्या, तुरेरावांच्या पट्ट्याचा एक तुकडा फाडला. काही उपयोग झाला नाही. सगळ्या कोंबड्यांची अंडी एका पेटीत गेली, त्यांच्यातच ठिपकीचीही गेली. ठिपकी पेटीला अंग टेकून उभी राहायची. तुरेराव तिच्यापुढे दाणे टाकायचा आणि ओरडायचा. ती दाणे बघायचीसुद्धा नाही.

पेटीला गॅस लागला तसा तो आणखी कमी पडला. कोंबड्यांना आणखी खायला घातलं. झोप नाही आणि नुसतं खाणं. कोंबड्यांची पिसं गळायला लागली, पाय लटपटायला लागले. एकेक आडवी पडायला लागली. तेव्हा वनराजांना अस्वल वैद्याची आठवण झाली.

अस्वल म्हणालं, "झोपू द्या त्यांना."

"दुसरं काही औषध?" वनराजांनी विचारलं.

अस्वलाने हात टेकले आणि एका कडू मुळीची भुकटी दिली. रोगाचे जंतू मारणारी भुकटी होती ती. दाण्यात मिसळून ती सगळ्या कोंबड्यांना चारली. कोंबड्या कशाबशा उभ्या राहिल्या.

आता कान देऊन ऐका. त्या टाकीत गॅस काही करकोचा करत नव्हता आणि वनराजही करत नव्हते. डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक जीव तिथे राहत होते. ते शीट खायचे, म्हणून गॅस व्हायचा. भुकटी कोंबडीच्या पोटातून शिटेत उतरली, शिटेतून टाकीत गेली आणि तिथे तिने त्या जिवांनाही मारायला घेतलं. भुकटीला काय कळतंय कोण आपला नि कोण परका! गॅस कमी झाला. करकोचा म्हणाला, कोंबड्या आळशी झाल्यात, भुकटी वाढवा. ती वाढवली.

पिल्लं बाहेर यायची वेळ झाली तसं वनराजांनी वाघाला बोलावणं धाडलं. भर दुपारचा समारंभ ठरला. खुराड्याला पताका लावल्या. तुरेरावाने नवा पट्टा घातला. आत, पेटीत, अंड्यांतून बारीक टकटक ऐकू येत होती. ठिपकीला ती सगळ्यांच्या आधी ऐकू आली. ती पेटीला कान लावून उभी होती.

वनराज भाषणाला उभे राहिले. "आमचं जंगल..." ते म्हणाले. तेवढ्यात शेगडीची ज्योत निळी झाली, इवलीशी झाली, भप्प असा आवाज झाला आणि ती विझली. मग दिवे विझले. खुराड्याला खिडकी ठेवलेलीच नव्हती, त्यामुळे भर दुपारी आत मिट्ट काळोख झाला. वाघ खोकला. तो खोकला नव्हता, हसू होतं.

"जेवण तयार आहे," वनराज घाईघाईने म्हणाले आणि वाघाला घेऊन बाहेर पडले. करकोचा त्यांच्या मागे आणि तुरेराव करकोच्याच्या मागे. पेटी गार होते आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कोंबड्यांचं म्हणाल, तर किती दिवसांनी अंधार मिळाला होता! त्या उभ्या उभ्याच झोपल्या.

ठिपकीने चोचीने पेटीचं झाकण उचकटलं आणि ती आत शिरली. आत अंडीच अंडी. आपली कुठली? अंधारात काही कळेना, आणि उजेडातही कळली नसती. तिने शोधणं सोडून दिलं. पंख पसरले, जेवढी मावतील तेवढी अंगाखाली ओढली आणि बसली. बाहेर राहिली त्यांना ती चोचीने आत ढकलायची. एक आत घेतलं की दुसरीकडून एक बाहेर यायचं. ती तरी किती पुरणार? रात्रभर तिचं हेच चाललं होतं. पंखाबाहेरची टकटक एकेक करून बंद पडत गेली आणि तिला ती बंद पडताना ऐकू येत होती. कोंबडीला रडता येत नाही असं कुणी तुम्हाला शिकवलं असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

सकाळी तिच्या पंखांखालून ओली, पिवळी, चिवचिवणारी पिल्लं बाहेर आली. बाकीची अंडी गार पडली होती.

दरबारात आनंदीआनंद झाला. करकोच्याने पेटीभोवती फिरून पाहणी केली आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून जाहीर केलं, "महाराज, नवा शोध! शिटेपासून नव्हे, थेट कोंबडीपासून ऊर्जा! टाकी नको, गॅस नको, धूर नाही. नुसती बसवायची!"

"आपल्या जंगलात?" वनराजांचे डोळे भरून आले.

"आपल्या जंगलात. आमच्याकडेसुद्धा नाही."

त्याच दिवशी हुकूम निघाला. यापुढे प्रत्येक कोंबडीने खुडूक बसायचं. बारा महिने बसायचं. अंडी असोत नसोत, बसायचं. चार कोंबड्या वनराजांच्या पायांशी बसतील, कारण गुहेत फार गारठा असतो. जी उठेल ती दंडाला पात्र. खाण्यासाठी उठेल तीही, शिटण्यासाठी उठेल तीही.

काही दिवसांनी ठिपकीला हा हुकूम द्यायला तुरेराव सुतळी घेऊन आला. पाय बांधायची सुतळी. ठिपकी खुराड्यात नव्हती. ती टाकीपाशी होती. गॅस नको झाल्यावर टाकी फोडून टाकली होती. टाकीतला काला बाहेर सांडून पसरला होता आणि अवकाळी पावसाच्या दोन सरींनी त्यातली ती कडू भुकटी धुऊन गेली होती. कडेच्या मातीत गांडुळं परतली होती. ठिपकी माती उकरायची, मागे सरायची आणि पिल्लं तुटून पडायची. एका पिल्लाने गांडूळ धरलं होतं आणि आणखी दोन त्याचं दुसरं टोक ओढत होती.

"ठिपके, चल. बसायचंय."

"बसले होते तेव्हा तळ्यात बुचकळलंत," ठिपकी म्हणाली. "नाकात पीस घातलंत. आता यांची पोटं भरायला उठलेय, तर बांधायला आलात होय? काय दिवे लावलेत हो तुम्ही!"

"मी काय करणार? वरून हुकूम आहे."

ठिपकी वळली. तिने शेपूट वर केली आणि बरोबर तुरेरावांच्या पायावर, नव्या पट्ट्याच्या टोकाला लागेल अशी, भरपूर शिटली. "हे घ्या," ती म्हणाली. "महाराजांना म्हणावं, द्यायचं राहिलं होतं." आणि ती पिल्लांना घेऊन उरलेल्या बांबूंत शिरली.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. पण तुरेराव अजून ऊर्जाप्रमुखच होता. सवयीने त्याने ती शीट पानावर काळजीपूर्वक गोळा केली आणि धावत दरबारात नेली. तिथे पेच पडला. जिने नुसतं बसून ऊर्जा द्यायची ती कोंबडी उठून शिटली, तर तिचं कौतुक करायचं की तिला दंड करायचा? सगळे करकोच्याकडे वळले. पण ऊन तापायला लागलं होतं. करकोचा केव्हाच उडून गेला होता.

म्हणून एक समिती नेमली. तिचा निर्णय होईपर्यंत सगळे हुकूम थांबले, खुराडं ओस पडलं आणि कोंबड्या पुन्हा अंधारात झोपायला लागल्या. ठिपकीची पिल्लं त्या काल्यावर वाढली, बांबूही वाढला. अस्वल वैद्य आता काटक्या गोळा करून काढा उकळतो. समिती अजून बसलेली आहे. तिच्याखालून अद्याप काहीही बाहेर आलेलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, या जगात टाकाऊ असं काहीच नसतं. म्हणून आपली घाण नीट झाकून ठेवत जा. ती एखाद्या शहाण्याच्या नजरेला पडली, की पुढे तो तुमची अंडी मागायला येतो.